जीप किती उंच करावी?

पुण्याच्या सिंहगड रस्त्याने तुम्ही कधी गेला आहात का? वडगाव मागे पडले की धायरी फाटा येतो. तेथून आत वळले की धायरी लागते. एके काळी हे शेतीचे गाव होते. २०१७ मध्ये गावाचा उरलेला भागही पुणे महानगरपालिकेत आला. आता येथे उंच इमारती आहेत. शेजारच्या नऱ्हे भागापर्यंत लहान लहान कारखाने आणि वर्कशॉप पसरले आहेत. एखाद्या गॅरेजपुढे जुनी जीपही उभी दिसते.

या भागात जीप दिसण्याला कारण आहे. धायरीहून पश्चिमेकडे गेले की खडकवासला, डोणजे, पानशेत अशी गावे येतात. पाबे घाट ओलांडला की तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे आहे. मुख्य रस्ते डांबरी आहेत; पण वाडीवस्तीवर जाणाऱ्या वाटा मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या आहेत. पावसाळ्यात त्यांवर चिखल होतो. साधी मोटार तेथे अडते. जीप जाते.

समजा, तुमचे मामू धायरीत राहतात. ते विहिरींवरचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्याकडे तीस वर्षांची जुनी जीप आहे. औजारे आणि पाइप घेऊन त्यांना पानशेतच्या बाजूला जावे लागते. गेल्या पावसाळ्यात जीपचे पोट एका दगडावर बसले आणि गाडी दोन तास अडकली. तेव्हापासून मामूंच्या मनात आहे, की जीप उंच करावी आणि तिला मोठे टायर लावावेत. तुम्हीही चित्रांत तशा उंच, दांडग्या जीप पाहिल्या आहेत. म्हणून तुम्ही म्हणता, “मामू, चांगली अर्धा फूट उंच करा!”

थांबा. आधी ही गाडी समजून घेऊ.

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या सैन्यासाठी. तिची चारही चाके इंजिनच्या जोराने फिरू शकतात. आपल्याकडे ती आणण्यामागे एक कंपनी होती. १९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्रा व कैलाशचंद्र महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. पुढे अनेक वर्षे हिच्याच जीप खेड्यापाड्यांत, जंगलखात्यात आणि पोलिसांत धावल्या. मामूंची जीप त्याच घराण्यातली.

आता जीपच्या खाली वाकून पाहा. दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा दिसतो. हा धुरा. त्याच्या मध्याजवळ एक मोठा गोळा आहे. इंजिनचा जोर चाकांकडे वाटून देणारे दाते त्यात असतात. त्याला डिफरन्शियल म्हणतात. धुऱ्यावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांच्या चळती आहेत. मिस्त्री त्यांना ‘पाटे’ म्हणतात. पाट्यांचा आकार कमानीसारखा असतो. कमान हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेच. फारसीत त्याचा अर्थ धनुष्य. चाक खड्ड्यात गेले की हे धनुष्य दबते आणि पुन्हा वर येते. गॅरेजात असे ओळखीचे शब्द बरेच भेटतील. टायरवरच्या खाचांना तेथे ‘नक्षी’ म्हणतात, तर मुख्य कारागिराला ‘उस्ताद’.

आता मुख्य मुद्दा. जीप दोन प्रकारे उंच होते. पहिला प्रकार म्हणजे पाट्यांची कमान वाढवणे. यामुळे गाडीचे अंग धुऱ्यापासून वर जाते. पण धुरा मात्र होता तेथेच राहतो! डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जितका उंच होता, तितकाच उंच राहतो. वाटेतला दगड बहुतेक वेळा या गोळ्यालाच लागतो. मग केवळ पाटे उंच करून तो दगड कसा चुकणार?

धुरा वर न्यायचा असेल तर चाकच मोठे हवे. हा दुसरा प्रकार. पण चाकाचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्माच धुरा वर जातो, कारण धुरा चाकाच्या केंद्रात असतो.

हे गणित आपण करून पाहू. जुन्या जीपना बहुधा ६.००-१६ या मापाचे टायर असत. म्हणजे टायरची रुंदी ६ इंच आणि आतल्या लोखंडी चाकाचा व्यास १६ इंच. असा टायर सुमारे ७३ सेंटिमीटर उंच भरतो. नव्या टायरवर २३५/७५ आर १५ असे काहीतरी लिहिलेले असते. येथे २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी आहे. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा आतल्या चाकाचा व्यास इंचांत. भिंत झाली १७६ मिलिमीटर. वरची आणि खालची मिळून ३५२. त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवा. उत्तर ७३३ मिलिमीटर, म्हणजे साधारण ७३ सेंटिमीटर. दिसायला हा टायर किती रुंद आणि मोठा! पण उंचीला जुन्याइतकाच.

आता चित्रातला ३३ इंची टायर घ्या. तो जवळजवळ ८४ सेंटिमीटर उंच असतो. जुन्यापेक्षा ११ सेंटिमीटर जास्त. धुरा वर गेला तो साडेपाच सेंटिमीटर. फायदा झाला, हे खरे. पण त्याची किंमत पाहा. एवढा टायर मडगार्डला घासतो, म्हणून पाटेही उंच करावे लागतात. म्हणजे पाटे उंच करण्याचा एक मोठा उपयोग असतो तो मोठ्या टायरला जागा करून देणे. दुसरा उपयोग असा, की उंचवटा ओलांडताना गाडीचे पोट आणि चढाला भिडताना पुढचे नाक कमी घासते. मामूंच्या जीपचे पोटच दगडावर बसले होते, हे लक्षात ठेवा. आपल्याला ते पुढे लागेल.

टायर मोठा झाला की इंजिनला चाक फिरवणे जड जाते. आपल्या उदाहरणात गाडीची ओढ सुमारे आठवा हिस्सा कमी होते. जुने डिझेल इंजिन मुळातच बेताच्या ताकदीचे. घाटात ते दम टाकते. वेग दाखवणारा काटाही खोटे बोलू लागतो. काटा ५० वर असतो, तेव्हा गाडी खरी ५७ च्या वेगाने धावत असते. शिवाय जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार धायरीपासून जवळच आहे. तेथे झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उतारावर ब्रेक कमी पडणे म्हणजे काय, हे या भागातल्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

उंचीचा आणखी एक धोका आहे. त्यासाठी एक प्रयोग करा. एक काडेपेटी वहीच्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवा आणि पुठ्ठा हळूहळू तिरका करा. काडेपेटी घसरेल, पण उलटणार नाही. आता तीच पेटी उभी ठेवा. थोडा कल झाला की ती कोलमडते. वजन तेच, पेटी तीच. फक्त वजनाचा मध्य वर गेला. जीपचेही असेच आहे. समजा, तिच्या दोन चाकांमधले अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. हिशेबाने ती सुमारे ४३ अंशांच्या कलावर उलटेल. हा मध्य १० सेंटिमीटर वर नेला, तर ३९ अंशांवरच. प्रत्यक्षात एका बाजूचे पाटे आधीच दबतात, म्हणून गाडी त्याच्याही आधी कलंडते. वर टपावर पाइप बांधलेले असतील तर विचारूच नका.

मामू हे सगळे ऐकतात, पण त्यांचे मन मानत नाही. म्हणून तुम्ही दोघे गॅरेजात जाता. चांगला उस्ताद लगेच पाना हातात घेत नाही. तो विचारतो, “भाईजान, महिन्यात दहा फेऱ्या झाल्या, तर त्यांतल्या कच्च्या रस्त्याच्या किती?” मामू हिशेब करतात. दोन, फार तर तीन. बाकी सगळा डांबरी रस्ता, तोही सिंहगड रस्त्याच्या गर्दीतला. “गाडीत कोण बसते?” कधी औजारे, कधी मुले, ईदला सगळे घर. “आणि आज गाडी किती उंच आहे?” हा प्रश्न मामूंनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

उस्ताद टेप काढतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत तो चारही बाजूंनी माप घेतो. मागची उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा तीन सेंटिमीटर खाली आहे. तो पाट्यांकडे बोट दाखवतो. कमान कुठे आहे? पट्ट्या जवळजवळ सरळ झाल्या आहेत. एक पट्टी तर तुटलेली आहे. याला ‘पाटे बसणे’ म्हणतात. वर्षानुवर्षे ओझे वाहून पोलाद थकते आणि गाडी हळूहळू खाली येते. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही. म्हणजे जीप मुळात ठेंगणी नव्हती. ती खचली होती. म्हणूनच तिचे पोट दगडावर बसले.

मला वाटते, जुन्या गाडीत सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते येथे. खचलेल्या पाट्यांवर लोक उंचीचे सामान चढवतात. पाट्याचे टोक ज्या कडीने गाडीला टांगलेले असते, ती कडी लांब करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पण लांब कडीने पाट्याचे एकच टोक खाली जाते, धुरा असतो मध्यावर. म्हणून कडी दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उठते. शिवाय धुऱ्याचा कल बदलतो आणि स्टीअरिंग हातात थरथरू लागते. तेच पैसे नव्या पाट्यांना घातले तर गाडी मूळ उंचीवर येते आणि काही बिघडत नाही. जुने पाटे भट्टीत घालून पुन्हा वाकवणारेही आहेत. हे काम नीट पाणी देऊन केले तरच टिकते. नुसते तापवून वाकवलेला पाटा मऊ पडतो व पुन्हा बसतो.

फारच उंच केलेल्या जीपची इतर दुखणीही असतात. इंजिनचा जोर धुऱ्यापर्यंत नेणारा लांब शाफ्ट तिरका होतो आणि त्याच्या टोकांचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडून ताणले जातात. असा पाइप घाटात तुटला तर काय होईल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

कायदाही विसरून चालत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदावरील माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते. मामूंची जीप तीस वर्षांची. तपासणीत तिला नापास करून कसे चालेल? म्हणून टायरचे मापही कंपनीने त्या जीपसाठी सांगितलेलेच घ्यावे.

मग टायरमध्ये निवडायचे काय? नक्षी! डांबरी रस्त्याच्या टायरची नक्षी बारीक असते. चिखलात ती भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. चिखलाच्या टायरला मोठमोठे, दूर दूर ठोकळे असतात. ते चिखल फेकून देतात. पण ओल्या डांबरावर त्यांचे थोडेच रबर रस्त्याला टेकते. गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि आवाजही फार होतो. दहांतल्या सात फेऱ्या डांबरावर करणाऱ्याने मधल्या प्रकारची नक्षी घ्यावी. रुंदीचा मोहही नको. कोकणातल्या किनाऱ्याच्या वाळूत रुंद टायर बरा, तो रुतत नाही. आपल्या मावळात चिखलाच्या थराखाली बहुधा कठीण मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या मुरमापर्यंत पोहोचतो. जुन्या सैनिकी जीपचे टायर अरुंदच होते.

विकत घेताना टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. तेथे २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात पडून राहिलेले रबरही कडक होते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. तसे नसेल, तर चारही चाकांना जोर दिल्यावर आतले दाते एकमेकांशी भांडू लागतात. स्टेपनीही त्याच मापाची घ्या.

मामूंनी शेवटी नवे पाटे, नवे शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे नवे पाइप आणि मधल्या नक्षीचे पाच टायर घेतले. उंचीचे सामान घेतलेच नाही. काम झाल्यावर उस्तादाने पुन्हा टेप लावला. मागची बाजू सहा सेंटिमीटर वर आली होती, उजवी आणि डावी सारखी. तुम्ही थोडे हिरमुसता, कारण जीप चित्रातल्यासारखी दिसत नाही.

पैसे घेताना उस्ताद एवढेच सांगतो, “पाचशे किलोमीटर चालवा आणि परत या. नवे पाटे थोडे बसतील, यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतील. आणि आज रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा झोत पाहा. मागचा भाग वर आल्याने तो खाली पडत असेल.”