कबड्डीतील वाट अडविणारा गडी

कबड्डीच्या मैदानावर टाळ्यांचा वाटा बहुधा चढाई करणाऱ्याच्या पदरी पडतो, आणि ते साहजिकच आहे. तो एकटा सात जणांच्या राज्यात शिरतो, तीस सेकंदांच्या अवधीत एखाद्यास शिवतो आणि अंग चोरून परत येतो. त्यास अभिमन्यूची उपमा देण्याचा प्रघात आहे. ह्या खेळाचा उगमच चक्रव्यूहात झाला असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. पुरावा मात्र कोणी देत नाही. उपमा म्हणून ती गोड आहे, परंतु ती देताना एक पात्र सोयीने विसरले जाते. अभिमन्यूच्या मागोमाग येणाऱ्या पांडवांस ज्याने व्यूहाच्या तोंडाशी थोपवून धरले, त्या जयद्रथाचे काम कबड्डीतही कोणास तरी करावेच लागते. जयद्रथ व्हावे असे कोणास वाटणार? म्हणून ते काम शिकविणारे थोडे आणि शिकणारे त्याहून थोडे.

खेळाडू ह्या कामास ‘ब्लॉक’ म्हणतात. चढाईपटू आपले काम आटोपून मध्यरेषेकडे वळला की त्याच्या वाटेत आडवे उभे राहून त्यास क्षणभर रोखावयाचे, म्हणजे इतर गडी येऊन त्यास जखडतील. हे काम मुख्यत्वे मध्यरक्षकांचे. संघातील दोन कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतात, ती पकड सर्वांच्या डोळ्यांत भरते. मध्यरक्षकाने वाट अडविली नसती तर तीच पकड सुटली असती, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

सेलू तालुक्यातील आमच्या वालूर गावाचे नाव निघाले की बाहेरच्या माणसास तेथील जुनी बारव आठवते. कबड्डी आठवावी असे काही तेथे घडलेले नाही. तरी संध्याकाळी काळ्या मातीच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा ओढून पोरे खेळतात. त्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. हाडापेराने भक्कम, जोर-बैठकांत कोणास न हटणारा, कापसाचे गाठोडे एकटा उचलणारा. असा मुलगा मध्यरक्षक म्हणून शोभावा असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु गेली दोन वर्षे त्याचा ब्लॉक दहांतून सात वेळा फसतो. तालुक्याच्या सामन्यांत तर त्याच्या हातून निसटलेल्या चढाईपटूने एकदम तिघांस बाद केले, कारण झटापटीत ज्याचा ज्याचा हात चढाईपटूस लागतो आणि तो तरीही घरी पोहोचतो, ते सर्वच बाद होतात. एकाच्या चुकीची किंमत तिघांनी मोजावयाची, हा ह्या जागेचा जाच आहे. तेव्हापासून मुलगा खचला आहे. घरी चुलत्यांचे म्हणणे असे की बारावीचे वर्ष आहे, खेळ पुरे झाला. आई काही बोलत नाही, पण संध्याकाळी तो निघाला की दारापर्यंत येते.

तो एकदा म्हणाला, “गुरुजी, मी सगळा जोर लावतो हो, तरी तो निसटतोच.”

“अरे बाळा,” आम्ही विचारले, “जोर लावतोस तेव्हा तुझे पाय कोठे असतात, ते कधी पाहिले आहेस काय?”

त्याने पाहिले नव्हते. मैदानाच्या कडेला बसून चार दिवस पाहिल्यावर जे दिसले ते असे की, जोर लावण्याच्या क्षणी त्याचे पाय मुळी जमिनीवरच नसतात. तो झेप घेतो. झेप घेतलेला मनुष्य कितीही वजनदार असला तरी हवेत फेकलेल्या पोत्यासारखा असतो. ज्यास चुकवावयाचे त्याने केवळ एक पाऊल बाजूस घ्यावे की पोते पुढे जाऊन पडते. शरीराचा भार उपयोगी पडतो तो जमिनीत रोवलेल्या पायांच्या वाटेने. पाय सुटले की भार उरतो, बळ उरत नाही.

येथे मैदानाची मापे ध्यानात घेतली पाहिजेत. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्यास साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूस निदान रेषा ओलांडल्याखेरीज गत्यंतर नसते. तेथून घर म्हणजे पावणेचार मीटर, तयार गड्यास दोन पावले आणि एक सूर. मध्यरेषेपलीकडे त्याच्या बोटाचे टोक टेकले तरी तो सुटला. तेव्हा ब्लॉक करणाऱ्यास मिळणारा वेळ म्हणजे पापणी लवण्याइतका. इतक्या वेळात धावत जाऊन कोणास गाठावयाचे म्हटले तर ते व्हावयाचे नाही. आमचा मुलगा नेमके तेच करतो: चढाईपटू जेथे दिसतो तेथे तो धावतो, आणि तो पोहोचेपर्यंत चढाईपटू तेथून गेलेला असतो. जावयाचे असते ते तो जेथून जाणार त्या जागी. म्हणजे त्याच्या अंगावर नव्हे, त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये, तिरके, आखूड पावलांनी.

ती जागा ओळखावी कशी? चढाईपटूचे हात फसवितात, डोळे तर जाणूनबुजून फसवितात. कंबर फसवीत नाही. कंबर ज्या बाजूस वळली त्याच बाजूस मनुष्य जाणार. शिवाय वळतेवेळी त्याचा सगळा भार निमिषमात्र एका पायावर येतो. तेवढ्यात मध्यरक्षकाचे दोन्ही पाय रुंद रोवलेले, गुडघे वाकलेले, पाठ ताठ आणि छाती त्याच्या कुशीस भिडलेली असली पाहिजे. हात शेवटी. आधी पाय, मग धड, मग हात, हा क्रम उलटा झाला की हातांत बनियन येते आणि माणूस जातो. तालमीत कुस्ती शिकलेल्या मुलांस हे लवकर उमगते, कारण पट काढताना कंबर खाली नेल्याखेरीज काही हाती लागत नाही हे वस्तादाने त्यांच्या अंगवळणी पाडलेले असते. खेडोपाडीच्या तालमी ओस पडल्या त्याचे हे एक नुकसान आहे. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी.

ज्यास हे काम उत्तम वठलेले पाहावयाचे असेल त्याने प्रो कबड्डीच्या दुसऱ्या पर्वातील, म्हणजे २०१५ सालातील, यू मुंबा संघाचे सामने पाहावेत. कोपऱ्यांत मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा, मध्ये आपल्या मुंबईचा विशाल माने आणि तामिळनाडूचा जीवा कुमार, अशी ती चौकडी होती आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्या संघाने मिळविले. जीवा कुमार हा देहाने काही अजस्र नव्हे. परंतु तो धावताना क्वचितच दिसतो. चढाईपटू वळतो तेव्हा तो आधीच वाटेत उभा असतो. दूरचित्रवाणीवरील निवेदकांचा आरडाओरडा बंद करून केवळ त्याच्या पायांकडे पाहिले तर तासाभरात जे शिकावयास मिळते ते व्याख्यानांनी मिळत नाही. आमच्या मुलास हे सामने भ्रमणध्वनीवर दाखविले. पहिल्या दिवशी तो चढाईच पाहत बसला. सवय ती सवय.

वाट अडविण्याचे हेच काम साता समुद्रांपलीकडे एका अगदी निराळ्या खेळात केवढ्या थोरवीस चढले आहे ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ समोरासमोर वाकून उभे राहतात आणि अंड्याच्या आकाराचा चेंडू मुख्यत्वे हातांनी पुढे न्यावयाचा असतो. चढाई करणाऱ्या संघात आघाडीस पाच धिप्पाड गडी असतात. सामान्यतः ते चेंडूस हात लावीत नाहीत, गुण मिळवीत नाहीत. मागे उभ्या असलेल्या आपल्या सूत्रधारास चेंडू फेकावयास दोन-तीन सेकंद मिळावेत एवढ्यासाठी समोरच्यांस थोपवून धरणे हेच त्यांचे काम. व्यावसायिक संघांत हे गडी १३० ते १४० किलो वजनाचे असतात. आपल्याकडे वरिष्ठ गटाच्या कबड्डीत ८५ किलोंची मर्यादा आहे, त्यावरून अंतर कळेल. गंमत अशी की इतके वजन असूनही त्यांचे शिक्षक त्यांस वजनाविषयी फारसे सांगत नाहीत. समोरच्यापेक्षा खाली राहा, पहिले पाऊल आखूड टाक, पाय थांबू देऊ नकोस, हेच वर्षानुवर्षे घोकून घेतात. त्यास सबळ कारण आहे. प्रतिपक्ष्यास हातांनी धरून ठेवल्यास त्यांच्या संघास दहा यार्ड मागे हटविण्याची शिक्षा होते. धरता येत नाही म्हणून ते पायांवर आले. आपल्या गड्यांस धरण्याची मुभा आहे, आणि मला वाटते, त्या मुभेनेच त्यांचे पाय आळशी केले आहेत.

त्या खेळाच्या इतिहासात दुसरेही एक पान आहे, आणि ज्या घरांतील मुले असले झटापटीचे खेळ खेळतात त्या घरांनी ते वाचले पाहिजे. १८९२ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी येल विद्यापीठाविरुद्ध एक नवी युक्ती वापरली. सर्व गड्यांनी पाचरीच्या आकारात दुरून धावत येऊन समोरच्या एकाच माणसावर कोसळावयाचे. तिने इतकी इजा होऊ लागली की दोनच वर्षांत तिच्यावर बंदी आली. तरीही घोळक्याने आदळण्याची रीत चालूच राहिली, मुले मरत राहिली, आणि १९०५ साली खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारा असे सांगावे लागले. पुढल्या वर्षी नियम बदलले. उघड्या जखमा कमी झाल्या. झाकलेल्या राहिल्या. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूंत वारंवार आघातांशी निगडित असा विकार आढळला. ज्यांस त्रासाची शंका होती अशांचेच मेंदू बहुधा दान झाले असणार, त्यामुळे सर्व खेळाडूंस हे प्रमाण लावणे योग्य नव्हे, हे त्या संशोधकांनीही सांगितले आहे. तथापि डोके हे धडक देण्याचे साधन नव्हे, एवढे त्यावरून निःसंशय ठरते.

कबड्डीत आघात त्या मानाने पुष्कळ कमी. परंतु आमचा मुलगा झेप घेताना मान खाली घालतो, डोळे मिटतो आणि टाळू पुढे करतो. हे पाहून अंगावर काटा येतो. समोरच्याचा गुडघा त्याच वेळी वर आला तर मानेचे काय होईल? ब्लॉक फसतो ह्याहून ही गोष्ट मोठी आहे, आणि सुदैवाने दोहोंवर उपाय एकच आहे. मान वर, डोळे उघडे, डोके चढाईपटूच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूस. डोके वर राहिले की पाठ आपोआप ताठ राहते, पाठ ताठ राहिली की कंबर खाली जाते, आणि झेप घेता येतच नाही. डोक्यास मार लागून कोणास भोवळ आली, उलटी झाली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्या दिवशी त्यास पुन्हा मैदानात उतरू देऊ नये आणि वैद्यास दाखवावे, मग अंतिम सामना का असेना.

सराव कसा करावा ह्याविषयी मतभेद आहेत. जोर-बैठका वाढवा असे सांगणारे पुष्कळ. ह्या मुलास त्यांची गरज नाही. त्याच्यासाठी आम्ही शाळेतील एका तरुण क्रीडाशिक्षकाच्या सल्ल्याने फार साधा क्रम धरला आहे. चुन्याच्या एका रेघेवर वाकलेल्या गुडघ्यांनी, पाय एकमेकांवर न चढविता, डावीकडून उजवीकडे व उलट सरकत जावयाचे. मग धाकट्या भावाने समोरून नुसते चालत यावयाचे आणि ह्याने हात पाठीशी बांधून केवळ छातीने व पायांनी त्याची वाट अडवावयाची. हात बांधलेले असल्याने झेपेचा मोह होत नाही. चालणे साधले की हलके धावणे, आणि पंधरा दिवस तरी पुरता वेग नाही. मुलास हे बालिश वाटते. धाकट्यास मात्र भारी मौज वाटते, कारण पहिल्या दिवशी दादाला त्याने अकरा वेळा चकविले.

एक अडचण अशी आहे की तिचा बंदोबस्त खेड्यात होत नाही. मोठे सामने आता मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मातीत पाय थोडा घसरतो आणि ती घसरण गुडघ्यास सांभाळून घेते. मॅटवर पाऊल चिकटते, अंग वळते आणि मधल्यामध्ये गुडघ्याचे अस्थिबंध पिळले जातात. मातीत तयार झालेल्या मुलाने सामन्याच्या दिवशी प्रथमच मॅटवर पाय ठेवू नये. परभणीस जाऊन आठवड्यातून एक दिवस जरी सराव करता आला तरी पुरे, पण जाण्या-येण्याचा खर्च आणि एक दिवसाची बुडणारी शिकवणी ह्यांचा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांसच मांडावा लागतो.

त्या हिशेबात चुलत्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात खऱ्या, परंतु त्या ठराविक स्पर्धांत नाव कमावलेल्यांसाठी. तालुक्यास खेळलेल्यासाठी नव्हेत. त्या आशेवर अभ्यास सोडणे म्हणजे पेरणीआधी बाजारभाव विचारणे होय. मुलानेही ते मानले. तोड निघाली ती अशी: पहाटेचे दोन तास पुस्तकांचे, संध्याकाळचा एक तास मैदानाचा, आणि दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघासाठी निवड व्हावयाची आहे तेथपर्यंत कोणी काही बोलावयाचे नाही. चुलत्यांनी मान डोलाविली. गेल्या आठवड्यात ते स्वतः मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. पोराचे सहा ब्लॉक त्यांनी पाहिले, त्यांतील तीन साधले. चौथ्या वेळी तो पुन्हा हवेत उडाला तेव्हा चुलतेच ओरडले, “अरे, पाय!”