शिक्षा कैदेची, आजाराची नव्हे!

वस्तीतला पोरगा गर्दच्या पुडीसह पकडला गेला की आई वकिलाकडे धावत येते. "साहेब, जामीन कधी होईल?" हा तिचा पहिला प्रश्न. पण जामिनाचा अर्ज तयार होईपर्यंत पोराचे अंग कोठडीत मोडू लागलेले असते. उलट्या, जुलाब, रात्रभर झोप नाही. याला उपचार लागतात, हे कोर्टात सांगणार कोण?

तुरुंगाच्या भिंती कितीही उंच असल्या तरी नशा आत पोहोचते. आत एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरते. त्यातून एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी पसरतो. कैदी सुटतो, आजार त्याच्याबरोबर वस्तीत येतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे तर जीवघेणे. शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो.

यावर उपाय आहे. तिहारमध्ये २००८ साली बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देऊन उपचार सुरू झाले. स्वित्झर्लंडच्या तुरुंगात १९९२ पासून निर्जंतुक सुया दिल्या गेल्या. त्या सुया शस्त्र म्हणून वापरल्या जातील, ही भीती खरी ठरली नाही.

कायदाही आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम ३१ शासनाच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, तपासणी व उपचाराचा हक्क देते. कलम २२ नुसार संसर्गाचा धोका कमी करणारे उपाय गुन्हा ठरत नाहीत. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४ अ, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येते. किती वकील हे कलम वापरतात?

हा प्रश्न आपला का? देशातील चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. लोकसंख्येत १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जातींचा तुरुंगातील वाटा सुमारे एक पंचमांश आहे. जातीवरून कैद्यांना कामे वाटण्याचे नियम रद्द व्हायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला!

काही बांधव म्हणतील, पंचशीलातले पाचवे शील मानणाऱ्यांनी व्यसनी माणसाची बाजू घ्यायची? शील माणसाने स्वतः पाळायचे असते. दुसऱ्याला मरू देण्याची ती सबब नव्हे. संविधानाचे कलम ४७ नशाबंदीबरोबरच, त्याच वाक्यात, सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. अर्धेच वाक्य वाचणारे शासन आपल्याला चालेल काय?

म्हणून मागणी स्पष्ट करा. प्रत्येक कारागृहात प्रवेशाच्या दिवशीच वैद्यकीय तपासणी, व्यसनावर औषधोपचार, हेपॅटायटिसची मोफत औषधे आणि सुटताना बाहेरच्या उपचार केंद्राची चिठ्ठी. न्यायाधीश कैद सुनावतो, एचआयव्ही नव्हे. आणि कच्च्या कैद्याला तर कैदही अजून सुनावलेली नसते.

जयभीम!