पोटाचे टाके आणि चार मिनिटांचा हिशेब

आतडे फुटलेला रुग्ण मध्यरात्री शस्त्रक्रियागृहात येतो. कित्येक तास झुंजून शल्यविशारद त्याचे प्राण वाचवितात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे नातेवाइकांना सांगितले जाते आणि ते खरेही असते. परंतु पोट शिवण्याचे काम तेव्हा व्हावयाचे असते, आणि दमलेल्या हातांनी ते अनेकदा उरकले जाते. या अखेरच्या काही मिनिटांची किंमत रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागू शकते.

पोटाची ताकद कातडीत नसते. ती स्नायूंना जोडणाऱ्या पांढऱ्या, चिवट पडद्यात असते. हा पडदा भरून येण्यास कित्येक महिने लागतात. तो उसवला की आतडे बाहेर डोकावू लागते. यालाच हर्निया म्हणतात. पोट फुगले की जखमेची लांबी वाढते. म्हणून दोऱ्याची लांबी जखमेच्या किमान चौपट असावी, असा नियम ब्रिटिश शल्यविशारद जेन्किन्स यांनी 1976 साली मांडला.

2015 साली प्रसिद्ध झालेली नेदरलँड्समधील चाचणी याबाबत बोलकी आहे. दहा रुग्णालयांतील 560 रुग्णांपैकी निम्म्यांना एकेक सेंटिमीटर अंतराने मोठे टाके, तर उरलेल्यांना पाच-पाच मिलिमीटर अंतराने लहान टाके घातले गेले. वर्षभरानंतर हर्नियाचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा 21, तर दुसऱ्यात 13 आढळले. लहान टाक्यांना सरासरी 14 मिनिटे लागली, मोठ्यांना 10. फरक अवघ्या चार मिनिटांचा!

ही चाचणी पूर्वनियोजित शस्त्रक्रियांची होती, हे विसरून चालणार नाही. तातडीच्या प्रसंगी पोटात पू असतो, आतडी सुजलेली असतात. ती जबरदस्तीने आत कोंबल्यास दाब वाढून मूत्रपिंडे व श्वसन धोक्यात येते. अशा वेळी पोट काही काळ उघडे ठेवणेच शहाणपणाचे ठरते. 1984 साली कोलंबियातील बोगोटा येथे ऑस्वाल्डो बोराएझ यांनी सलाइनची रिकामी निर्जंतुक पिशवी शिवून असे पोट झाकले. ही स्वस्त युक्ती पुढे जगभर ‘बोगोटा पिशवी’ म्हणून ओळखली गेली. थोडक्यात, घाईने केलेली शिवण आणि हट्टाने केलेली शिवण, दोन्ही सारख्याच घातक.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे खर्च एकाच्या वहीत वाचतो आणि दुसऱ्याच्या वहीत चढतो. रुग्णालयाची चार मिनिटे वाचतात. परंतु हर्निया झालेल्या हमालाला ओझे उचलता येत नाही, दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावे लागते, त्याची मजुरी बुडते. हा खर्च रुग्णालयाच्या हिशेबात कोठेच दिसत नाही, म्हणूनच तो टाळण्याची निकड कोणाला भासत नाही. यासाठी नवी यंत्रसामग्री नको. हवा आहे योग्य, सावकाश विरघळणारा दोरा, अखेरच्या टाक्यापर्यंत थांबणारा अनुभवी हात आणि वर्षभराने रुग्णाला बोलावून केलेली नोंद. प्राण वाचविणे हे शस्त्रक्रियेचे पहिले कर्तव्य खरेच. परंतु वाचलेल्या माणसाला पुन्हा कामावर उभे करणे हेही तिचेच कर्तव्य नव्हे काय?