हलणारा एकही भाग नसलेला पंप

आजऱ्याहून आंबोलीच्या रस्त्याला लागलं की गवसे येतं. आजरा शेतकरी सहकारी साखर कारखाना तिथलाच. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. बघणाऱ्याची नजर जाते ती चिमणीकडे, फार तर गव्हाणीकडे. साखर कारखान्यात छताजवळ उभं असलेलं एक यंत्र मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं. त्याचं नाव मल्टिजेट कंडेन्सर. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ते आहे. तो एक पंपच आहे, पण त्यात दट्ट्या नाही, पाती नाहीत, बेअरिंगही नाही.

रस उघड्या काहिलीत आटवला की गूळ होतो. साखरेला ती धग सोसत नाही. रंग तांबूस होतो, काही साखर नासते. १८१३ च्या सुमारास एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजाने बंद पॅनमधली हवा काढून रस कमी तापमानाला उकळवला. समुद्रकाठी गेजवर ६६० मिलिमीटर निर्वात दिसला, की आत १०० मिलिमीटर दाब उरतो आणि पाणी ५२ अंशांना उकळतं. आजऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब सातशेच्या आसपास, म्हणून तीच स्थिती यायला गेजवर सहाशेच पुरतात. पुस्तकातला आकडा गाठायचाच म्हणून इथे हट्ट धरला, तर पाणी नि वीज दोन्ही फुकट जातात.

पॅनमधून निघालेल्या वाफेवर कंडेन्सरमध्ये गार पाणी पडलं की ती आक्रसते. त्या दाबाला एक किलो वाफ सुमारे ११ घनमीटर जागा व्यापते. पाणी झालं की लिटरभर. निम्मं काम इथेच होतं. उरते ती हवा, सांध्यांतून आणि ग्लँडमधून शिरलेली. ती काही थिजत नाही, तिला ओढूनच काढावी लागते. पूर्वी त्यासाठी वेगळा हवेचा पंप असायचा, दट्ट्या, झडपा, पट्टे अशा सगळ्या लवाजम्यासह. मल्टिजेटने तो घालवला.

संकेश्वर-बांदा रस्त्यावर भरधाव ट्रक शेजारून गेला की दुचाकी त्याच्याकडे ओढली जाते. वेगाच्या धारेचंही तसंच आहे. ती आजूबाजूच्या हवेला आपल्याबरोबर फरफटत नेते, आणि पुढच्या अरुंद गळ्यातून दोघी मिळून बाहेर पडतात. हाच इजेक्टर. १८५८ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच माणसाने याच तत्त्वावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर केला. विहिरीवरच्या जेट पंपातही तेच.

मग एकच जाड धार का नको? कारण हवा पकडली जाते ती धारेच्या कडेला, पोटात नाही. तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या चार धारांत वाटलं, की कडेची लांबी दुप्पट होते. सोळा धारांत वाटलं की चौपट. शिवाय बारीक धार हवेत लवकर मिसळते, त्यामुळे गळा आखूड चालतो. पण प्रत्येक धारेला स्वतंत्र गळा दिला, तर सोळा पंप जोडल्यासारखा पसारा होतो. म्हणून सगळी नॉझलं एका पेटीत, सगळ्यांचा कल खालच्या एकाच गळ्याकडे. मला यातली खरी अक्कल इथे दिसते. आराखडा एका नॉझलाचा करायचा, बाकीची त्याची नक्कल. एक झिजलं तर तेवढंच बदलायचं. जुन्या रचनेत वाफ थिजवणाऱ्या फवाऱ्यांना आणि हवा ओढणाऱ्या धारांना पाण्याच्या वेगळ्या वाटा असत. नंतर दोन्हींना एकाच वाटेने पाणी देणारे कंडेन्सर आले, म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह आणखी कमी झाले.

कंडेन्सर उंचावर टांगण्यामागेही हिशेब आहे. बाहेरची हवा खालचं पाणी समुद्रकाठी सव्वादहा मीटरवर चढवू शकते, आजऱ्यात साडेनऊच्या आसपास. यंत्र त्याहून वर असलं, की वीज गेली तरी पाणी उलटं पॅनमध्ये शिरत नाही.

वरचं यंत्र साधं झालं, पण त्याचं ओझं खाली उतरलं. किलोभर वाफ थिजवायला ४० ते ५० किलो पाणी लागतं. ते चढवणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या मोटरी दिवसरात्र वीज खातात. गरम झालेलं पाणी स्प्रे पाँडवर फवारून गार करायचं, पुन्हा वर पाठवायचं. हंगाम ऐन भरात असताना बगॅसचा भुसा एखाद्या छिद्रात अडकतो, धार वाकडी होते, गळा चुकतो, आणि व्हॅक्यूम पडल्याची ओरड सुरू होते. छिद्रं फार बारीक करू नयेत ते याचसाठी.

वाफेबरोबर रसाचे तुषारही पळतात. ते ओळखायला केमिस्ट कंडेन्सरमधून परतलेलं पाणी परीक्षानळीत घेतो, अल्फा-नॅप्थॉलचे थेंब टाकतो, काठाने हळूच सल्फ्युरिक आम्ल सोडतो. दोन थरांच्या मधे जांभळी कडी उमटली, की शेतकऱ्याची साखर तळ्यात चालली आहे.

गळीत संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत नॉझलं खाली काढतात. छिद्राचा व्यास मोजतात, आतल्या कडेवरून बोट फिरवतात. कड बोथट लागली तर ते नॉझल भंगारात जातं.