तीस प्राणांचा मंत्र

वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, बी, ए. ज्यांचें वय आज चाळिशीच्या आसपास आहे आणि ज्यांचें बालपण एखाद्या शहरांत किंवा तालुक्याच्या गांवीं गेलें, अशा स्त्रीपुरुषांपुढें हीं दहा पदें सहज उच्चारून पाहावीं. कोणी बँकेंत अधिकारी असेल, कोणी शस्त्रवैद्य असेल, कोणी परदेशांत स्थायिक झालेला असेल. परंतु त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचें हसूं उमटेल आणि हाताचे अंगठे नकळत हलूं लागतील. शेजारीं बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस मात्र या प्रकाराचा कांहींएक उलगडा होणार नाहीं.

हा मंत्र 'काँट्रा' नामक व्हिडिओ गेमचा. जपानांतील कोनामी कंपनीनें हा खेळ १९८७ सालीं काढला व १९८८ सालीं घरच्या दूरदर्शन-संचावर खेळतां येईल अशा रूपांत आणला. दोन सैनिक जंगल, धबधबा, बर्फाचा प्रदेश असे एकामागून एक टप्पे ओलांडीत जातात. शत्रूची एक गोळी लागली कीं एक प्राण गेला. प्राण, अर्थात् मुलांच्या भाषेंत 'लाइफ', आरंभीं तीनच मिळत. एवढ्या भांडवलावर तिसऱ्या टप्प्यावरील धबधबा चढून जाणें सामान्य मुलास कठीणच. त्यांत दोघे मिळून खेळत असतां जो वेगानें वर चढे त्याच्याबरोबर पडदाहि वर सरके, आणि मागें राहिलेला भाऊ शत्रूनें हात न लावतांच पडद्याच्या खालच्या कडेशीं प्राणास मुके. या धबधब्यानें किती घरांत भावंडांचीं भांडणें लावलीं असतील तें एक देवच जाणे! परंतु खेळाच्या नांवाचें चित्र पडद्यावर असतांनाच वरील दहा कळा त्या क्रमानें दाबल्या, तर तीनाच्या ऐवजीं तीस प्राण पदरांत पडत.

हा मंत्र मुलांवर उपकार करण्याच्या बुद्धीनें रचलेला नव्हता. कोनामीच्या 'ग्रॅडियस' नांवाच्या आकाशयुद्धाच्या खेळाचें घरगुती रूप १९८६ सालीं तयार होत होतें व तें काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होतें. तयार झालेला खेळ शेवटपर्यंत खेळून तपासणें हा कामाचाच भाग. आणि खेळ इतका बिकट कीं खुद्द रचनाकारासहि तो पार करतां येईना. तेव्हां त्यांनीं स्वतःच्या सोयीसाठीं, स्मरणांत सहज राहील असा कळांचा एक क्रम आंत घालून ठेविला; तो दाबला कीं विमानास सर्व आयुधें एकदम प्राप्त होत. खेळ बाजारांत गेला तेव्हां हा क्रम आंतच राहिला होता. पुढें कोनामीनें तो अनेक खेळांत हौसेनें योजला, आणि १९८८ च्या 'काँट्रा'नें त्यास अमर केलें. २०१२ च्या 'रेक-इट राल्फ' या डिस्नेच्या चित्रपटांत एक राजा तिजोरीचें दार याच क्रमानें उघडतो. चित्रपटगृहांत मुलांस सोबत घेऊन आलेले बाप त्या वेळीं कां हसले, हें मुलांस समजलें नसेल. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्यें वारले. कारागिरानें आपल्या कामापुरती केलेली खूण अशा रीतीनें एका सबंध पिढीची ओळख होऊन बसली.

जुन्या खेळाडूंच्या इतर खुणा पाहूं गेल्यास त्यांच्याहि मुळाशीं असेंच कांहीं तरी आढळतें: कोठें जागेची टंचाई, कोठें हातून राहिलेली चूक, तर कोठें मनांत डांचणारा अन्याय. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ सप्टेंबर १९८५ मध्यें निघाला. त्याचे रचनाकार शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका. हा सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज आपण फोनवरून एखादें छायाचित्र धाडतों तें याच्या कितीतरी पट भरतें. एवढ्या तुटपुंज्या जागेंत आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांस दोन निराळीं चित्रें कोठून परवडणार? म्हणून एकच आकृति पांढरी रंगविली कीं ढग, हिरवी रंगविली कीं झुडूप! वर्षानुवर्षें खेळूनहि हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि एकदां आलें कीं पुन्हां विसरतां येत नाहीं. संसारांत काटकसर करणाऱ्या गृहिणीस या युक्तीचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

याच खेळांतील 'उणें एक' जगाची कथा तर एखाद्या गूढकथेसारखी आहे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस एका नळावर उभें राहून, वांकून व नेमक्या क्षणीं मागें उडी मारली, तर मारिओ विटांच्या भिंतींतून आरपार सरकत जातो. पलीकडे पुढच्या जगांत नेणारे तीन नळ असतात. यंत्रानें त्या नळांच्या मुक्कामांची नोंद अद्याप नीट केलेली नसते. अशा वेळीं नळांत शिरल्यास तें मारिओस ३६ व्या जगांत नेऊन सोडतें. असें जग कोणी रचलेलेंच नाहीं! त्या आंकड्यासाठीं पडद्यावर जें चिन्ह यावयाचें तें कोरें असल्यानें जगाचा आंकडा दिसतच नाहीं, व पुढचें '-१' एवढेंच वाचावयास मिळतें. तेथें सर्वत्र पाणी आहे. पोहत पोहत शेवटच्या नळापर्यंत गेलें कीं तो नळ पुन्हां आरंभींच आणून टाकतो. वेळ संपेपर्यंत सुटका नाहीं. यंत्राची ही केवळ चूक. परंतु मुलांनीं त्यांत गुप्त नगरी पाहिली, आणि आमच्या मतें त्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं.

अन्यायाचें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकाराचें नांव छापीत नसे. वॉरन रॉबिनेट यांनीं 'ॲडव्हेंचर' हा खेळ एकट्यानें रचला, आणि वरिष्ठांस कांहींएक न सांगतां त्यांत एक चोरखोली बांधली. राखाडी रंगाचा, भिंतींत मिसळून जाणारा एक ठिपका शोधून योग्य जागीं नेला, तरच त्या खोलींत प्रवेश. आणि आंत रचनाकाराचें नांव झळकत असे. रॉबिनेट नोकरी सोडून गेले. पुढें १९८० सालीं एका मुलानें कंपनीस पत्र लिहून या खोलीचा पत्ता कळविला, तेव्हां गुपित फुटलें. खेळांत दडविलेल्या अशा खुणांस पुढें 'ईस्टर एग' हें नांव पडलें. आमच्याकडील जुन्या लेण्यांतून नि देवळांतून एखाद्या पाथरवटाची खूण आढळते, तिचीच ही जातभाई म्हणावयास हरकत नाहीं.

असो. हीं यंत्रें आमच्या घरीं आलीं तीं आडवाटेनें. निन्टेन्डो कंपनीनें 'फॅमिकॉम' हें यंत्र जुलै १९८३ मध्यें जपानांत विक्रीस काढलें व १९८५ सालीं तेंच निराळ्या पेटींत घालून अमेरिकेंत नेलें. भारतांत १९९० नंतरच्या दशकांत जीं घरोघर दिसूं लागलीं तीं बहुतेक त्याच्या नकला होत्या. तैवान व चीन येथें अशा नकला अमाप निघत. आमच्याकडे समुराई, लिटल मास्टर अशीं त्यांचीं नांवें असत. खेळाच्या वडीस सर्वजण 'कॅसेट' म्हणत, आणि हातांतल्या कळफळीस 'रिमोट'. कॅसेटवर '९९९९ खेळ' असें ठळक छापलेलें. वस्तुतः खेळ मोजकेच, आणि तेच पुन्हां पुन्हां, निराळ्या नांवानें किंवा मधल्याच टप्प्यापासून सुरू करून, यादींत घुसडलेले. कायद्याच्या दृष्टीनें हा व्यवहार चोरीचाच, यांत शंका नाहीं. परंतु मध्यम स्थितींतल्या कुटुंबास दुसरी वाट कोठें होती? या खेळांबरोबर नियमांचें पुस्तक क्वचितच मिळे. जें ज्ञान होतें तें मौखिक. उन्हाळ्याच्या सुटींत मुंबईचा मावसभाऊ येई आणि तीस प्राणांचा मंत्र देऊन जाई. तो वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतला जाई.

मौखिक परंपरेंत भाबड्या समजुतीहि आल्याच. कॅसेट चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारावयाची, हा विधि टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत आणि पुण्याच्या वाड्यांपर्यंत सारखाच. फुंकरीनें खेळ सुरू होई हें खरें. पण श्रेय फुंकरीचें नसे. कॅसेट काढून पुन्हां बसविल्यानें तिच्या धातूच्या पट्ट्या यंत्राच्या पट्ट्यांशीं पुन्हां नीट टेंकत, इतकेंच. उलट श्वासांतल्या ओलाव्यानें त्या पट्ट्या हळूहळू गंजत, म्हणून निन्टेन्डोनेंहि फुंकर मारूं नये असेंच सांगितलें आहे.

खुणा टिकल्या, खेळ टिकतील काय, हा प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत मिळत नाहींत. त्याच वर्षीं मार्चमध्यें निन्टेन्डोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचीं विक्री-दालनें बंद केलीं. ग्रंथालयांनीं अप्राप्य झालेले खेळ अभ्यासकांस दूर अंतरावरून वापरूं द्यावे, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें फेटाळली. ते खेळ केवळ मनोरंजनासाठीं वापरले जातील अशी भीति व्यक्त झाली. वाचनालयांतून कादंबरी घरीं नेणारा मनुष्य ती मनोरंजनासाठीं वाचील म्हणून कोणी कपाटास कुलूप घालीत नाहीं! दुसऱ्या बाजूस, मारिओच्या खेळाचें कोजी कोंदो यांनीं रचलेलें संगीत २०२३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहांत घेतलें गेलें, ही समाधानाची गोष्ट. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे सगळे भाग आज पाहावयास मिळत नाहींत, हें दुःख ज्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्यास या खेळांची चिंता परकी वाटूं नये.

आणि कांहीं खेळ तर कॅसेट शाबूत असूनहि मरतात. १९८४ च्या 'डक हंट'चेंच पाहावें. बंदुकीचा घोडा ओढतांच क्षणभर सारा पडदा काळा होई, आणि लगेच बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळींतील प्रकाश ओळखणाऱ्या भागास काळोखानंतर तो उजेड दिसला कीं नेम लागला. हें सारें जुन्या, जाड कांचेच्या संचावरच जमतें. आजच्या सपाट संचांत चित्र उमटण्यास किंचित् विलंब लागतो. तेवढ्यानें बंदूक आंधळी होते. नेम चुकला कीं गवतांतून वर येऊन खदाखदा हसणारा तो कुत्रा सर्वांच्या स्मरणांत आहे, पण आजच्या दिवाणखान्यांत तो प्रत्येक वेळीं हसेल.

ज्यांच्या माळ्यावर असें यंत्र पडून असेल त्यांनीं तें एकदम भंगारांत देऊं नये. कॅसेटच्या पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेला कापसाचा बोळा हलकेंच फिरवावा व त्या पूर्ण वाळूं द्याव्या. वीजपुरवठ्याची जुनी पेटी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. नकली कॅसेटींवर कर्त्याचें नांव नसतें, साल नसतें. म्हणून ती कोठून घेतली, तिच्यावर कोणते खेळ दिसतात, तें एका कागदावर लिहून पेटींत ठेवावें. आणि कांचेचा जुना संच अद्याप चालत असेल, तर तो काढून टाकण्यापूर्वीं मुलांच्या हातीं एकवार ती बंदूक द्यावी.