राब आधी भाजावा लागतो

डहाणू तालुक्यातलं कैनाड हे माझं गाव. पोस्टात नोकरी करतो आणि कादंबरी लिहितो. पहिली छापून आल्यावर दुसरीला हात घालायला मला चार वर्षं लागली. विषय पक्का होता. माझे आजोबा लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्या शेतावर जन्मभर राबायचं, अशी ती प्रथा. आजोबांनी सांगितलेलं मला लिहायचं होतं.

त्या चार वर्षांत मी वह्या आणल्या, जुनं गॅझेटियर वाचलं, पात्रांची नावं तीनदा बदलली. चिकूचा हंगाम सरू दे, मुलीची दहावी होऊ दे, मग बसू म्हणत राहिलो. कादंबरीचं एक पानही झालं नाही.

गेल्या वैशाखात आई शेताच्या कोपऱ्यात राब रचत होती. लिहितोस का, म्हणून तिने विचारलं. नीट सुचायची वाट बघतोय, मी म्हणालो. ती म्हणाली, "पाऊस आल्यावर राब भाजतोस का तू?"

आमच्याकडे भाताची सुरुवात पावसाने होत नाही. त्याआधी शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि माती पसरून ती जागा भाजतात. पाऊस पडला की त्या तुकड्यात बी दाट पेरतात. तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून, मुठी बांधून, चिखलात त्यांची आवणी करतात. राब नसेल तर कितीही पाऊस पडो, आवणीला रोपंच नसतात. सुचणं हा माझा पाऊस होता आणि माझा राब भाजलेलाच नव्हता.

चालढकल म्हणजे आळस, असं आपण सहज म्हणतो. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली वेगळी मांडणी केली. काम समोर आलं की मनात भीती किंवा अस्वस्थता दाटते. काम टाळलं की लगेच बरं वाटतं. त्या घडीभराच्या सुटकेसाठी आपण सगळा भार उद्याच्या स्वतःवर टाकतो. मला हे तंतोतंत पटलं. आजोबांचं आयुष्य माझ्या हातून उणं उतरेल, याची मला भीती होती. गॅझेटियर वाचताना ती भीती वाटत नसे, म्हणून मी वाचतच राहिलो.

मग साहित्य मुरावं लागतं, ते खोटं का? खोटं नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेला पहाटे संपवली. पण त्यांची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. आमच्या भागात, तलासरीजवळच्या झरीला, मे १९४५मध्ये वारली आदिवासींची परिषद भरली आणि वेठबिगारी, लग्नगडीची प्रथा यांविरुद्धचा लढा उभा राहिला. त्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०मध्ये आलं. मधली वर्षं त्यांनी आदिवासींच्या चळवळीतच घालवली. मुरण्याच्या काळात माणूस त्या विषयात जगत असतो. टाळण्याच्या काळात तो विषयाभोवती फिरत राहतो. आपण कुठे आहोत, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे ओळखावं.

मी आईच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी छोटा तुकडा ठरवला: रात्री जेवण झाल्यावर, ओटीवर, अर्धा तास, एक पान. वेळ आणि जागा नेमकी ठरवली की ठरवलेलं काम होण्याची शक्यता बरीच वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९मध्ये दाखवून दिलं आहे. पहिल्या प्रकरणाचा विचार सोडला. पहिल्या रात्री फक्त आजोबांच्या कोयत्याबद्दल लिहिलं: मूठ कुठे झिजली होती, तो कुठे टांगलेला असे. दुसऱ्या रात्री सावकाराच्या अंगणातला भाताचा ढीग. क्रम नाही, खाडाखोड नाही, नुसती दाट पेरणी. आणि पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबायचं, म्हणजे उद्या कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

माझ्याच खात्यातल्या एका माणसाचा मला आधार वाटतो. इंग्लंडचा अँथनी ट्रोलॉप टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही आणि मग कामाला जाई. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

माझी आठ महिन्यांत १४० पानं झाली. त्यातली बरीच कच्ची आहेत. आता त्यांची आवणी चालली आहे: कुठलं पान आधी, कुठलं नंतर, कुठलं काढून टाकायचं. ही निवड मला आज करता येते, कारण निवडायला पानं आहेत.

तुमच्या मनात एखादी कादंबरी अडून बसली असेल, तर आज रात्री तिच्यातली एकच वस्तू घ्या आणि तिच्यावर एक पान लिहा. वाईट उतरलं तरी फाडू नका. ज्यांच्या आठवणी आपण लिहिणार आहोत ती माणसं म्हातारी होत आहेत. माझे आजोबा मी या कादंबरीचं पहिलं पान लिहिण्याच्या दोन वर्षं आधी गेले. त्यांना विचारायचं राहिलेलं आता मला कुणीच सांगू शकत नाही.