चढावरची ठिणगी

भर पावसाळ्यात मलकापूरच्या बाजारपेठेत उभी असलेली जुनी पेट्रोल स्पोर्ट्स कार जागेवर अगदी गोड चालते. आंबा गावापर्यंत तिची कुरकुर नसते, घाट उतरून साखरप्याला जाईपर्यंतही नसते. परतीला घाट चढायला घेतला आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मात्र ती हिसके देऊ लागते. गॅरेजच्या भाषेत, मिसिंग मारते. पाय सैल केला की पुन्हा सुरळीत. मालकाला वाटतं, पेट्रोलमध्ये पाणी आलं. मिस्त्री बॉनेट उघडतो, वायरींवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "प्लग आणि वायरी बदलून टाका, साहेब."

बदलल्या की बहुतेक वेळा गाडी खरोखरच सुधारते. पण बिघाड चढालाच का उठावा आणि उताराला का लपावा? याचं उत्तर शोधायला निघालो तर ते एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञापर्यंत आणि मग थेट याच शाहूवाडी तालुक्यातल्या सड्यांपर्यंत घेऊन जातं.

आधी ठिणगी कुठून येते ते पाहू. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या दोन टोकांना हात लावला तरी काही जाणवत नाही. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला मात्र १० ते २० हजार व्होल्ट लागतात. मधलं काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे असतात आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो. जाड तारेतून प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व साठतं. मग डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट उघडतात आणि प्रवाह एकदम तुटतो. शेताच्या पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपला जो दणका बसतो, तसाच दणका इथे बसतो. चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट उभे राहतात. म्हणजे ठिणगी प्रवाह सुरू केल्यामुळे पडत नाही, तो तोडल्यामुळे पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने ही बॅटरीवरची पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आणली. एमजी किंवा ट्रायम्फसारख्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांतही हीच आहे.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे दणके सेकंदाला शंभर बसतात. दर ठिणगीतली ऊर्जा इतकी थोडी असते की तिने चमचाभर पाणीसुद्धा कोमट होणार नाही. पण ती मिलिमीटरभर जागेत आणि सेकंदाच्या अगदी लहान अंशात ओतली जाते, त्यामुळे ठिणगीचा गाभा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून तप्त होतो.

आता चढाचं कोडं. हवा मुळात वीज नेत नाही. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. प्लगची फट त्याहून कमी, ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर. मग दहा हजारांहून जास्त व्होल्ट कशाला? कारण ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरमधली हवा दाबलेली असते. दाब आणि फट वाढली की लागणारा व्होल्टही वाढतो, हा नियम त्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, फ्रीडरिश पाशेनने, १८८९ साली मांडला. तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मोटारगाडी नव्हती, काचेच्या भांड्यात कोंडलेले वायू होते.

जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. आत हवा थोडी जाते, दाबही थोडाच तयार होतो आणि ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर काठोकाठ भरतो आणि दाब दुप्पट-तिप्पट होतो. प्लगमधली वाट अवघड होते, कॉइलचा व्होल्ट वर चढत जातो. वीज मात्र नेहमी सोपी वाट शोधते. वायरीच्या रबराला एखादी केसभर चीर असेल आणि तीत आंब्याचं धुकं शिरलेलं असेल, तर तिला सिलिंडरमध्ये जायची गरजच उरत नाही. ती चिरेतून इंजिनाच्या लोखंडावर उतरते. प्लगमध्ये ठिणगी पडत नाही, सिलिंडर एक ठोका चुकवतो, गाडी हिसका देते. जागेवर तीच वायर शहाण्यासारखी वागते, कारण तेव्हा प्लगची वाटच सोपी असते.

म्हणून मला वाटतं, या वायरींकडे आपण उलट्या बाजूने बघतो. वीज नेणं हे त्यांचं सोपं काम. २० हजार व्होल्ट बोटभर जाडीच्या आत कोंडून ठेवणं हे अवघड. वायरीची किंमत तिच्या सालीत असते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. रात्री दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून आणि हात लांब ठेवून बॉनेटखाली बघा. वायरी म्हाताऱ्या असतील तर त्यांच्या अंगावर निळसर-जांभळी लव लवलवताना दिसते. तो रंग हवेतल्या नायट्रोजनचा. आकाशातल्या विजेत दिसणारा जांभळटपणाही त्याचाच. सोबत एक तिखट वास येतो, तो ओझोनचा. हा ओझोन रबर खातो. गळणारी वीज ओझोन बनवते, ओझोन चिरा वाढवतो, चिरा गळती वाढवतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतही असंच होतं. ओल आणि धूळ यांच्या वाटेने वीज एकदा गेली की मागे कोळशाची बारीक काळी रेघ उरते, आणि कोळसा वीज नेतो. मग पाऊस थांबला तरी ती वाट बुजत नाही. फडक्याने पुसून भागत नाही, टोपीच बदलावी लागते.

वायरीच्या आतही एक गंमत आहे. तांब्याची जाड तार असेल या भरवशावर नवी वायर कापून बघणाऱ्याला बहुधा कार्बन मुरवलेला दोरा सापडतो. मुद्दाम विजेला अडवणारा. कारण ठिणगी म्हणजे रेडिओचं प्रक्षेपण केंद्र. हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओलहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीनेच, आणि मार्कोनीने १९०१ साली अटलांटिकपार संदेश पाठवला तोही ठिणगीनेच. सेकंदाला शंभर ठिणग्या पाडणारी गाडी आकाशवाणी सांगली ऐकू देईल कशी? कार्बनचा दोरा ही खरखर दाबतो. पत्र्याची गाडी उरलीसुरली खरखर स्वतःच्या अंगात अडवते. फायबरच्या गाडीला ती सोय नाही. अमेरिकेच्या शेवरोलेने फायबरग्लासची कॉर्व्हेट काढली तेव्हा इग्निशनवर धातूची झाकणं बसवावी लागली. आपल्या शेजारी गोव्यात १९९८ पासून बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म हीही फायबरच्या अंगाची. अशा गाडीत स्वस्तातली भलतीच वायर घातली तर रेडिओ आधी तक्रार करतो. कार्बनचा दोरा ओढला की आतल्या आत तुटतो, म्हणून प्लगवरून वायर काढताना वायर ओढायची नाही, तिची रबरी टोपी धरून जरा फिरवायची आणि मग काढायची.

वायरी सालीने मरतात, प्लग कडांनी. विजेला टोकदार कडा आवडतात, तिथे विद्युतक्षेत्र एकवटतं. देवळाच्या शिखरावरचा वीजवाहक टोकदार असतो तो याच कारणाने. दर ठिणगी प्लगच्या कडेवरचा धातूचा एक अदृश्य कण उडवते. ताशी ५० किलोमीटरने आणि २५०० फेऱ्यांनी २० हजार किलोमीटर गाडी चालली, तर एका प्लगने तीन कोटींच्या आसपास ठिणग्या पाडलेल्या असतात. कडा गोल झालेल्या असतात, फट रुंदावलेली असते. आता पुन्हा जास्त व्होल्ट हवेत, आणि ते पेलायला त्याच म्हाताऱ्या वायरी. प्लग आणि वायरी जोडीने बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला केवळ बिल वाढवायचं असतं असं नाही.

जुना प्लग हातात घ्या. ज्या पांढऱ्या भागाकडे आपण बघतही नाही, तो मला प्लगचा सगळ्यात थोर भाग वाटतो. दर ठिणगीला त्याच्या आतल्या बाजूला हजारो व्होल्ट असतात आणि बाहेर इंजिनाचं लोखंड, मधे फक्त काही मिलिमीटर. टोकाशी आग, शेंडीला पावसाचे थेंब. सुरुवातीच्या प्लगांत पोर्सिलेन आणि अभ्रक वापरत. १९३० च्या दशकापासून तिथे अ‍ॅल्युमिना आलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. ते वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागतं, वीज जाऊ देत नाही आणि उष्णता मात्र बऱ्यापैकी वाहून नेतं. माणिक आणि नीलमही मुळात हेच ऑक्साइड, रंगापुरत्या भेसळीचं.

हे अ‍ॅल्युमिना बॉक्साइटपासून मिळतं, आणि बॉक्साइट शाहूवाडीच्या पायाखाली आहे. तालुक्यातल्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सपाट सडे आहेत. गिरगाव, बुरंबाळच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणी निघाल्या त्या अशाच पठारांवर. दख्खनचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या माथ्यावर उष्ण, दमट हवेत युगानुयुगं पाऊस पडत राहिला. पावसाने दगडातला चुना, सोडा आणि शेवटी वाळूचं द्रव्यही धुऊन नेलं. जे पाण्याला नेता आलं नाही ते मागे राहिलं, मुख्यतः लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. जिथे अ‍ॅल्युमिनियम जास्त उरलं तो बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातला बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात जात आला आहे. तिथे तो कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, लाल गाळ वेगळा काढतात आणि पांढरी भुकटी उरते. अशी भुकटी साच्यात दाबून सोळाशे अंशांच्या आसपास भाजली की प्लगचा पांढरा गळा तयार होतो. ज्या पावसाने वायरीत शिरून घाटात गाडी अडवली, त्याच पावसाने त्याला न जुमानणारा दगड घडवून ठेवला आहे. म्हणून सडे खणत सुटावं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तिथे उगवणारी रानफुलं कुठल्याही कारखान्यात भाजून मिळत नाहीत, आणि एका प्लगला लागतं ते अ‍ॅल्युमिना चिमूटभर.

हा दगड कडक आहे तितकाच ठिसूळ. नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो खुशाल बाजूला ठेवावा. दिसणार नाही अशी चीर त्याला गेलेली असू शकते, आणि विजेला चीर दिसण्याची गरज नसते. बसवायचे ते इंजिन गार झाल्यावर. आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. फिलर गेजने फट बघायची. पहिले आटे प्लग पान्याने नव्हे, बोटांनीच लावायचे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की काम गॅरेजमधून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर जातं.

आणि वायरी एकेक करूनच बदलायच्या. चारी सारख्याच दिसतात, पण चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. चारी एकदम उपटणारा उत्साही मालक दोन वायरी हमखास अदलाबदल करतो. मग गाडी सायलेन्सरमधून फटाके वाजवते आणि अख्खी आळी जमा होते.